‘हालचाल’: टीन स्लॅशरच्या पहिल्या दोन मिनिटांच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

गट ठरला, चौघांचा. नोंदवही माझ्या गळ्यात पडली. "संकलन शेवटी असतं, तोवर तू काय करणार?" असं तिघांचं एकमत. वहीत कोणाचं नाव लिहायचं नाही, खात्याने ओळखायचं, असं मी ठरवलं: दिग्दर्शक, कॅमेरा, ध्वनी आणि मी. कॅमेरा मुलगी आहे आणि ध्वनी मुलगा, तेव्हा ‘कॅमेरा म्हणाली’ हे वाचून कोणी लाल शाई काढू नये.

काम असं: टीन स्लॅशर (एक खुनी तरुण मुलामुलींना एकेक करून मारत सुटतो तसला भयपट) चित्रपटाची सुरुवात, पाट्यांसकट दोन मिनिटं. पुढचा चित्रपट बघावासा वाटला पाहिजे, एवढीच सरांची अट. पुढचा चित्रपट कोणी काढणार नाहीये ही गोष्ट वेगळी.

दिग्दर्शकाने पहिल्याच बैठकीत कथा सांगून टाकली. मुलगी घरात एकटी, बाहेर पाऊस, दिवे जातात, फोनला रेंज नाही, मुखवटा, सुरा, किंकाळी, चित्रपटाचं नाव.

ध्वनी म्हणाला, "हे मी पाहिलंय."

"कुठे?"

"सगळीकडे."

७ नोव्हेंबर

आज नुसत्या सुरुवाती पाहिल्या. पुढचं बघायचं नाही असं ठरलं होतं, तरी एक चित्रपट निम्मा बघून झाला.

‘हॅलोविन’ (१९७८) मध्ये कॅमेरा म्हणजेच खुन्याचे डोळे. तो घराबाहेरून खिडकीत डोकावतो, आत शिरतो, सुरी उचलतो, मुखवटा चढवतो आणि त्यानंतर आपल्यालाही दोन भोकांतूनच दिसायला लागतं. खून होतो. रस्त्यावर मुखवटा उतरवला जातो आणि समोर सहा वर्षांचा पोरगा. सगळं एकसंध वाटतं, पण मध्ये कट दडवलेले आहेत. मुखवटा डोळ्यांवर येतो त्या अंधारात एक सापडला, तेव्हा मला झालेला आनंद बाकीच्यांना कळला नाही. खुन्याच्या डोळ्यांनी सुरुवात करायची युक्ती ‘ब्लॅक ख्रिसमस’ने चार वर्षं आधी, १९७४ मध्येच केली होती, हेही कळलं.

‘स्क्रीम’ (१९९६) मध्ये उलट. पोस्टरवरचा सगळ्यात ओळखीचा चेहरा ड्रू बॅरीमोरचा, आणि साधारण बारा मिनिटांत ती संपते. म्हणजे आता कोणाचाच भरवसा नाही.

वादावादीतून एक गोष्ट हाती लागली. चांगली सुरुवात पाहणाऱ्याच्या हातात एक नियम ठेवते. एका ठिकाणी ‘तुम्ही त्याच्या डोळ्यांनी बघताय’, दुसऱ्या ठिकाणी ‘इथे कोणीही मरू शकतं’. दिग्दर्शकाच्या कथेत पाऊस होता, नियम नव्हता.

जाता जाता दुसरं भांडण. कॅरल क्लोव्हर या अभ्यासक बाईंनी १९८७ मध्ये ‘फायनल गर्ल’ हा शब्द दिला: शेवटपर्यंत टिकते ती मुलगी. आमच्या वाट्याला आलीय पहिली मुलगी. दिग्दर्शक म्हणाला, "तिचं काय एवढं, तिला फक्त मरायचंय." कॅमेरा खवळली. मरायच्या आधी ती एक तरी हुशारीची गोष्ट करणार, नाहीतर मी कॅमेरा उचलणार नाही, असं सांगून ती निघून गेली. लिहून ठेवते: अट मान्य.

११ नोव्हेंबर

रेकी, म्हणजे शूटची जागा बघून येणं. दुसऱ्या मजल्यावरचा कॉरिडॉर, संध्याकाळी सगळे गेल्यावर. लांबी ४१ पावलं (माझी). एका टोकाला काचेचं दार, पलीकडे जिना. दुसऱ्या टोकाला वळण. दिवे दोन भागांत, प्रत्येक भागाचा सेन्सर वेगळा: कोणी आलं की लागतात, हालचाल थांबली की थोड्या वेळाने विझतात.

भिंतीला टेकून बसलो आणि तेच ते बोलत राहिलो. मग कंटाळून गप्प झालो. चौघेही फोनमध्ये. अंगठ्याची हालचाल त्या सेन्सरला पुरत नाही. ‘टक्’ झालं आणि दिवे गेले. कोणीतरी किंचाळलं. (दिग्दर्शक. तो नाकबूल करतो.) ध्वनीने हात हलवला, दिवे आले, हसून घेतलं.

मग म्हटलं मुद्दाम करून बघू. न हलता बसायचं. घड्याळ लावून पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला ध्वनी शिंकला आणि पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या खेपेला माझ्या नाकाच्या शेंड्याला जी खाज सुटली ती मी आयुष्यभर विसरणार नाही. पण दिवे गेले.

कॅमेरा हळूच म्हणाली, "अगं, दार बघ."

दिवे होते तोवर काचेत आम्हीच दिसत होतो, भिंतीला टेकलेले चार जण. आता काचेत कोणी नव्हतं. काचेपलीकडचा जिना दिसत होता, कठडा, बाहेर जाण्याच्या पाटीचा हिरवा उजेड आणि पायरीवर ठेवलेली बादली. ती बादली मघापासून तिथेच होती.

कोणी हललं नाही. बराच वेळ.

मग दिग्दर्शक म्हणाला, "मी माझी कथा मागे घेतो."

१२ नोव्हेंबर

सरांना सांगितलं. त्यांनी फळ्यावर एक चौकोन आणि दोन बाण काढले आणि म्हणाले की हे १८६२ मध्ये रंगमंचावर होऊन गेलंय. लंडनमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी तिरप्या काचेत लपलेल्या नटाचं प्रतिबिंब पाडून रंगमंचावर भूत उभं केलं. त्याला ‘पेपर्स घोस्ट’ म्हणतात. साधी काच समोरून पडलेला साधारण ८ टक्के उजेड परत फेकते, बाकीचा बहुतेक आरपार जाऊ देते. त्यामुळे ज्या बाजूला उजेड बराच जास्त, ती बाजू काचेत जिंकते.

आणखी एक गोष्ट ध्वनीने वाचून आणली आणि ती आमच्या फार कामाची. हे सेन्सर अंगाच्या उष्णतेची हालचाल टिपतात, आणि ती उष्णता साध्या काचेतून पलीकडे जात नाही. म्हणजे काचेपलीकडे कोणी नाच केला तरी अलीकडचा दिवा लागणार नाही.

१५ नोव्हेंबर

कथा ठरली. एका पानात मावते.

मुलगी कॉरिडॉरमध्ये कोणाची तरी वाट बघत बसलीय. फोन बघतेय. टक्, दिवे जातात. हात हलवते, येतात. इथे पाहणारा हसला पाहिजे. हे सगळ्यांच्या बाबतीत कधीतरी झालेलं असतं. नियम कळला.

दुसऱ्यांदा टक्. या वेळी तिला कंटाळा आलाय, हात हलवत नाही. चेहऱ्यावर फोनचा उजेड. तिच्या मागे काचेत कोणीतरी उभं आहे. आपल्याला दिसतं, तिला नाही. फोन वाजतो, ती दचकते, दिवे येतात, काचेत फक्त तिची पाठ. तो गेलेला नाही. तो तिथेच आहे आणि उजेडामुळे दिसत नाही.

तिसऱ्यांदा तिला संशय येतो. वळून काचेकडे बघते, स्वतःचा चेहरा दिसतो. तिला कळतं की पलीकडे बघायचं तर दिवे जायला हवेत, आणि दिवे जायला हवेत तर आपण हलायचं नाही. (कॅमेराची अट पुरी.) ती श्वास रोखून उभी राहते. टक्. काचेपलीकडे कोणी नाही, रिकामा जिना. सुटका. आणि तिच्या पाठीमागे, कॉरिडॉरच्या पार दुसऱ्या टोकाला, दिवे लागतात.

नाव.

भुताखेताच्या गोष्टीत उजेड झाला की जीव भांड्यात पडतो. आमच्याकडे उजेड झाला की काळजी करायची. फोनच्या रेंजचा प्रश्नही सुटला: फोन नीट चालतोय, त्याने काही फरक पडत नाही.

१६ नोव्हेंबर

सेन्सरची वेळ कमी करून मिळेल का म्हणून इमारत सांभाळणाऱ्या काकांना विचारलं. नाही. शिवाय कॅमेऱ्यामागे आम्हीच चौघं हलणार, तेव्हा खरा सेन्सर उपयोगाचा नाहीच. दिवे बटणावरच चालवायचे. बटणाची परवानगी मिळाली, शिडीची नाही.

१९ नोव्हेंबर

चाचणी शूट. एकूण एक गोष्ट फसली, त्यामुळे ही नोंद लांबणार.

पहिली फजिती: दिवे विझताच कॅमेऱ्याने आपण होऊन एक्स्पोजर वाढवलं. आमचा जीवघेणा अंधार दोन सेकंदांत करडा, दाणेदार दिवस झाला. ऑटो बंद, सगळं हाताने. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. ट्यूबचा उजेड विजेच्या दुप्पट गतीने लुकलुकतो. ५० हर्ट्झ वीज असेल तिथे १/५० ठेवलं की चित्रात पट्टे सरकत नाहीत, ६० असेल तिथे १/६०.

दुसरी: काचेत ट्रायपॉड, कॅमेरा आणि कॅमेऱ्यामागे वाकलेली कॅमेरा. ट्रायपॉड तिरपा लावला, काळी चादर घेतली, चादरीला लेन्सपुरतं भोक. काकांनी हे दृश्य पाहिलं आणि काही न बोलता निघून गेले.

तिसरी मला सगळ्यात आवडली. खुनी (म्हणजे ध्वनी, आवाजाची माणसं शूटच्या वेळी मोकळी असतात असा समज आहे) काचेपलीकडे उभा. तो अंधारात दिसायला हवा म्हणून त्याच्यावर फोनची बॅटरी, पुढे ट्रेसिंग पेपर. दिवे चालू केले तर तो दिसायला नको. पण दिसत होता, आणि तोही अर्धाच: नुसता चेहरा, नायिकेच्या प्रतिबिंबाच्या पोटात तरंगणारा. दहा मिनिटं कोणाला कळेना. मग लक्षात आलं. नायिकेने काळा टीशर्ट घातला होता. काळा कपडा उजेड परत देत नाही, म्हणून काचेवर तेवढ्या जागी प्रतिबिंब नाही, आणि त्या खिडकीतून मागचा ध्वनी डोकावतोय. आमच्यातल्या एकीचा फिकट पिवळा सदरा तिला घातला आणि चेहरा गायब. वेशभूषेचा निर्णय इतक्या सक्तीने कधी झाला नसेल.

फिकट कपड्यावरही थोडी सावली जाणवत होती, म्हणून बॅटरी ध्वनीपासून एक मीटरवरून तीन मीटरवर नेली. तिप्पट अंतर म्हणजे नऊ पट कमी उजेड. आता दिवे चालू: कोणी नाही. दिवे बंद: आहे. जिन्याच्या फरशीवर चिकटपट्टीने खुणा करून ठेवल्यात, काढू नयेत.

तो काळा टीशर्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःच्या प्रतिबिंबाच्या आत दुसऱ्याचा चेहरा. दोन मिनिटांत बसत नाही, नाहीतर सोडला नसता.

२० नोव्हेंबर

मुखवट्यावरून कडाक्याचं भांडण. दिग्दर्शकाने चार चित्रं आणली, चारही ओठ शिवलेली. मी ‘हॅलोविन’चा मुखवटा पुढे केला: तो मुळात ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानात मिळणारा, पांढरा रंगवून डोळ्यांची भोकं मोठी केलेला. चेहऱ्यावर काहीच भाव नाहीत, म्हणून पाहणाराच त्यात काहीतरी भरतो. शेवटी कॅमेराने १९ तारखेची क्लिप लावली. काचेपलीकडचा माणूस चार सेकंद दिसतो, पाठीमागे हिरवा उजेड, चेहरा अर्धवट. मुखवटा असला काय, नसला काय. मग नाहीच. दिग्दर्शक दुपारभर गप्प होता.

२३ नोव्हेंबर

स्टोरीबोर्ड झाला, चौदा शॉट. चित्रं मी काढली, त्यामुळे नायिका आणि बादली यांतला फरक खाली लिहून द्यावा लागला. चित्रांचे फोटो टाइमलाइनवर लावून अ‍ॅनिमॅटिक बनवलं: पहिला टप्पा ३५ सेकंद, दुसरा २५, तिसरा ४०. उरलेले वीस नावाला आणि नावानंतर जे काही असेल त्याला. तिसऱ्या टप्प्यात ती स्तब्ध उभी राहते तो २२ सेकंदांचा शॉट कापायचा नाही. मी संकलक असून हे म्हणतेय याची नोंद घ्यावी. तिच्यासोबत पाहणाऱ्यानेही थांबायचं.

मग घोळ निघाला. खुनी काचेपलीकडून दुसऱ्या टोकाला पोहोचतो कसा? जिना उतरून, खालच्या कॉरिडॉरमधून, पलीकडचा जिना चढून. ध्वनीला पाठवलं, घड्याळ लावलं. धावत ४० सेकंद. चालत १ मिनिट ३५. दुसऱ्या आणि तिसऱ्या टक् मध्ये आमच्याकडे आहेत ३७. आणि स्लॅशरमधला खुनी धावत नसतो, तो चालतच येतो, तरी पळणाऱ्याला गाठतो.

दिग्दर्शक म्हणाला, "कोण मोजणार?" कॅमेरा म्हणाली, "मी." बराच वेळ जिन्याच्या जागा बदलून पाहिल्या. मग ध्वनी, धापा टाकत: "दोघं असतील तर?"

शांतता. दोन खुनी ही युक्ती ‘स्क्रीम’मध्येच वापरून झालीय, आम्ही काही शोध लावला नाही. पण आमच्याकडे ती हिशेबातून आली. एक काचेमागे, एक वळणावर. सुरुवातीत ते सांगायचं नाही. ज्याला मोजायचं तो मोजेल.

२६ नोव्हेंबर

ध्वनीचा दिवस. ट्यूबची घूंऽऽ, जी चालू असताना ऐकू येत नाही आणि बंद झाली की कान टवकारतात. ती वेगळी रेकॉर्ड केली. टक् साठी सात बटणं वाजवून पाहिली. सगळ्यात चांगला टक् टॉर्चच्या बटणाचा निघाला, त्याला रिकाम्या जिन्याचा घुमारा दिला. दिग्दर्शकाला पियानो हवा होता. ‘हॅलोविन’च्या धूनमध्ये पाचाचा ठेका आहे, चारला सरावलेला कान सारखा एका मात्रेने अडखळतो, तसं काही आमच्यापैकी कोणाला जमणार नाही. म्हणून संगीत नाही. घूं, टक्, तिचा श्वास.

२७ नोव्हेंबर

सरांनी अ‍ॅनिमॅटिक पाहिलं. "छान. पण खून कुठाय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

सरांचं म्हणणं बरोबर आहे. ही भयकथा झाली, स्लॅशर नाही झाला. पहिल्या दहा मिनिटांत एक बळी जातो हा या प्रकाराचा पाहणाऱ्याशी करारच. दिग्दर्शक लगेच साखरेचा घट्ट पाक आणि लाल रंग घेऊन आला. १९६० च्या ‘सायको’मध्ये रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप वापरलं होतं, चित्रपट कृष्णधवल असल्याने खपून गेलं, आम्हाला लाल लागणार. एका टाइलवर सांडून पाहिलं. डाग पुसताना टाइल गुलाबी झाली. कॉरिडॉर काकांचा आहे. रक्त रद्द.

३० नोव्हेंबर

सापडलं. श्रेय कोणाचं यावर एकमत नाही; मी वहीत लिहितेय म्हणून माझं.

नावानंतर एकच शॉट. कॅमेरा जमिनीलगत. दिवे चालू, कॉरिडॉर रिकामा. पुढे जमिनीवर तिचा फोन, स्क्रीन उजळलेला, कोणाचा तरी मेसेज: ‘आलेच, पाच मिनिटं’. फ्रेमच्या कडेला पिवळ्या बाहीचं टोक, जेमतेम. काही होत नाही. काही होत नाही. मग टक्, दिवे जातात.

काहीच हललं नाही म्हणून.

सरांना फोनवर सांगितलं. ते काही वेळ बोललेच नाहीत, आम्हाला वाटलं फोन कटला.

३ डिसेंबर

दुसऱ्या गटातल्या सात जणांना अ‍ॅनिमॅटिक दाखवलं, माझ्या भयंकर चित्रांसकट. पहिल्या टक् ला पाच जण हसले. दुसऱ्याला दोघांनी "मागे, मागे!" म्हटलं. शेवटच्या शॉटचा अर्थ तिघांनाच लागला. एकाने विचारलं, "ती बादली खुनी आहे का?" चित्रांमुळे झालं की रचनेमुळे, ठरवता येत नाही. बाहीचं टोक थोडं जास्त आत घ्यायचं ठरलं.

चित्रपटाचं नाव ‘हालचाल’. हे मात्र पाच मिनिटांत ठरलं.

५ डिसेंबर

धोक्यांची यादी. अंधारात जिन्यावर धावायचं नाही (ध्वनी, हे तुला). सुरा नाही, त्यामुळे नकली शस्त्राची सूचना लावायची गरज नाही. वायरी भिंतीलगत चिकटपट्टीने. नायिकेची घरी परतायची सोय आधी. त्या संध्याकाळी इमारतीत कोण कोण असेल ते काकांकडून लिहून घेतलं. कॉलशीट (कोणी कधी, कुठे यायचं तो कागद) रात्री पाठवलं, दिग्दर्शकाने तारीख चुकवलेली, परत पाठवलं.

६ डिसेंबर

रंगीत तालीम. माणसं कमी पडतात: जवळच्या दिव्यांच्या बटणावर मी, लांबच्या बटणावर दिग्दर्शक, ध्वनी काचेमागे. लांबचे दिवे लागायचा इशारा मी हात वर करून द्यायचा, पण अंधारात हात दिसत नाही हे दोन टेकनंतर कळलं. आता नायिका मनात २२ मोजते, दिग्दर्शकही २२ मोजतो. चौथ्या टेकला दोघांचे आकडे जुळले आणि ती खरोखर दचकली.

शेवटी नावानंतरचा शॉट. फोन ठेवला, बाही ठेवली, नायिका फ्रेमबाहेर जमिनीवर पडून. दिवे कधी घालवायचे हे माझ्यावर सोडलं होतं. ध्वनीच्या मते आठ सेकंद, माझ्या मते बारा. अकराव्याला मी बटण दाबलं.

आणि कोणी ‘कट’ म्हणालंच नाही. दिग्दर्शक पार त्या टोकाला, त्याला वाटलं कॅमेरा म्हणेल. कॅमेराला वाटलं तो म्हणेल. इतक्या दिवसांची सवय, दिवे गेले की हलायचं नाही. कार्डवर एक मिनिट दहा सेकंदांचा नुसता अंधार आहे. ध्वनी म्हणतो ठेव, रूम टोनला (कोणी बोलत नसताना जागेचा जो आवाज असतो तो) उपयोगी पडेल.

बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात. काळी चादर कोणाकडे आहे ते विचारायचं राहिलं.